नमाज कशाने होते आणि कशाने तुटते: वजूपासून सलामापर्यंतची तपासणी

टोपी नव्हती म्हणून पुन्हा नमाज पढणारे बरेच दिसतात. वजूत (नमाजेआधी तोंड-हात-पाय धुण्यात) टाच कोरडी राहिली असताना तसेच सफीत (नमाजेच्या रांगेत) उभे राहणारेही तितकेच असतात. टोपीशिवायची नमाज होते, कोरड्या टाचेची होत नाही. नको तिथे शंका आणि हवी तिथे बेफिकिरी, हाच घोळ सगळीकडे आहे. म्हणून इथे नमाजचे टप्पे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घेतले आहेत. प्रत्येक ठिकाणी काय सुटलं तर नमाज जाते आणि काय सुटलं तरी राहते, ते सांगितलं आहे.

सगळे मसले (नियम) हनफी फिकहप्रमाणे (धर्मनियमांच्या हनफी परंपरेप्रमाणे) आहेत, कारण कोल्हापूर आणि आसपासच्या बहुतेक मशिदींत तोच चालतो. कोकणातून आलेली अनेक घरं शाफई परंपरेची आहेत. त्यांच्याकडे काही नियम वेगळे आहेत: इमामामागेही (नमाज पढवणाऱ्यामागेही) फातिहा (कुरआनची पहिली सूरा) फर्ज (सक्तीची), रक्त वाहिल्याने वजू जात नाही, वजूत क्रम फर्ज. त्यांनी आपल्या मसलकप्रमाणेच (परंपरेप्रमाणेच) चालावं, दोन्हींतलं सोयीचं तेवढं उचलू नये.

## आधी हे पक्कं करा: चूक कोणत्या दर्जाची आहे?

शर्त (आधीची अट) किंवा फर्ज सुटला तर नमाज झालीच नाही. विसरून सुटला, माहीत नसल्याने सुटला, काही फरक पडत नाही. वाजिब (फर्जच्या खालोखाल जरुरी गोष्ट) विसरून सुटलं तर शेवटी सजदा-ए-सहव (विसरल्याच्या भरपाईसाठी दोनदा कपाळ टेकणं) केल्याने भरपाई होते. जाणूनबुजून सोडलं तर सजदा-ए-सहव पुरत नाही, नमाज पुन्हा पढणं वाजिब होतं. सुन्नत (पैगंबरांची रीत) सुटली तर सवाब (पुण्य) कमी झाला, नमाज झाली. आणि मुफ्सिद म्हणजे नमाज जागच्या जागी तोडणारी गोष्ट. ती घडली की पुढच्या रकाती (नमाजेची आवर्तनं) पढण्यात अर्थ नाही, पुन्हा तकबीरपासून (‘अल्लाहु अक्बर’पासून) सुरुवात.

नमाजबाहेरच्या शर्ती सात: अंगाची पाकी, कपड्यांची पाकी, जागेची पाकी, सतर (झाकायचं अंग), वेळ, किबला (मक्केची दिशा), नियत (मनातला इरादा). बहुसंख्य नमाजा इथेच बिघडतात, ‘अल्लाहु अक्बर’ म्हणायच्या आधीच.

## टप्पा १: गुस्ल आणि वजू

गुस्लाचे (पूर्ण आंघोळीचे) फर्ज तीन: घशापर्यंत पाणी नेऊन चूळ भरणं, नाकाच्या मऊ भागापर्यंत पाणी पोचवणं, आणि सगळ्या अंगावरून पाणी वाहणं. शॉवरखाली अर्धा तास उभं राहूनही चूळ आणि नाक राहिलं तर गुस्ल अपुरं आहे. नंतर आठवलं तर पूर्ण आंघोळ पुन्हा करायची गरज नाही. राहिलेलं तेवढं करावं आणि मधल्या काळात पढलेली फर्ज नमाज पुन्हा पढावी.

वजूचे फर्ज चार:

१. चेहरा धुणं: कपाळावरच्या केसांच्या मुळांपासून हनुवटीच्या खालपर्यंत, एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत.
२. दोन्ही हात कोपरांसकट धुणं.
३. डोक्याच्या किमान चौथ्या हिश्श्यावर ओला हात फिरवणं, म्हणजे मसह.
४. दोन्ही पाय घोट्यांसकट धुणं.

धुणं म्हणजे पाणी वाहिलं पाहिजे, निदान दोन थेंब गळले पाहिजेत. ओला हात चोळला तर ते धुणं झालं नाही. थंडीत शर्टाची बाही नुसती वर ढकलून वजू करणाऱ्यांची कोपरं हमखास कोरडी राहतात. बाही कोपराच्या चार बोटं वर गेली पाहिजे. टाचेच्या वरची खाच, पायाच्या करंगळीच्या बेचक्या आणि घट्ट अंगठीखालची कातडी या कोरड्या राहण्याच्या बाकीच्या जागा.

दुसरी मोठी अडचण म्हणजे कातडीवरचा थर. पाणी आत जाऊ देत नाही असा थर असेल तर वजू होत नाही. भाकरी थापताना नखांत शिरून वाळलेलं पीठ, गुऱ्हाळावर हाताला लागून सुकलेली काकवी, ऑइल पेंट, सिमेंट, फेविक्विक, नेलपॉलिश हे सगळं काढूनच वजू करायचा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून सुटणाऱ्यांनी ग्रीसचा जाड थर साबणाने काढावा. नुसता काळसर डाग किंवा तेलकटपणा उरला तर हरकत नाही, कारण पाणी कातडीला लागतं. मेंदीचा आणि हळदीचा रंग चालतो, मेंदीचा सुकलेला लगदा चालत नाही. रोजच्या धंद्यात चिकटलेलं काही प्रयत्न करूनही निघेना आणि ओढलं तर कातडी सोलते, अशा वेळी तेवढं माफ आहे. पण आधी प्रयत्न हवा.

मोज्यांबद्दल: सुती, लोकरीच्या किंवा नायलॉनच्या साध्या मोज्यांवर मसह चालत नाही. चामड्याच्या मोज्यांवर चालतो, तोही वजू करून घातलेले असतील तरच. मुदत मुक्कामी माणसाला २४ तास, मुसाफिराला ७२ तास. मुदत मोजे घातल्यापासून मोजत नाहीत, ते घातल्यावर पहिल्यांदा वजू तुटेल तिथून मोजतात.

वजू तोडणाऱ्या गोष्टी: मल-मूत्राच्या मार्गाने काहीही बाहेर येणं (हवासुद्धा), जखमेतून रक्त किंवा पू निघून जागेवरून वाहणं, तोंडभर उलटी, आडवं होऊन किंवा टेकून झोप लागणं, बेशुद्धी, आणि रुकू-सजद्याच्या (वाकण्याच्या आणि कपाळ टेकण्याच्या) नमाजेत शेजाऱ्याला ऐकू जाईल असं हसणं. सुई टोचून रक्ताचा ठिपका दिसला आणि तिथेच राहिला तर वजू जात नाही. बाळाला दूध पाजल्याने, शिवी दिल्याने, गुडघा उघडा पडल्याने वजू तुटतो हा गैरसमज आहे.

तपासा: वजू केल्याचं पक्कं आठवतं आणि तुटल्याची फक्त शंका येते, तर वजू आहे. तुटल्याचं पक्कं आठवतं आणि पुन्हा केल्याची शंका आहे, तर वजू नाही. खात्री शंकेने जात नाही. वसवश्याने (सतत येणाऱ्या शंकांनी) पिडलेल्यांनी हे एक वाक्य घट्ट धरावं.

ज्यांना लघवीचे थेंब, गॅस किंवा सतत वाहणारी जखम असा त्रास आहे, त्यांनी आधी एक नमाजेची पूर्ण वेळ बघावी. त्या वेळेत वजू आणि फर्ज नमाज उरकण्याएवढीही उसंत मिळाली नाही तर ते माजूर (सवलतीस पात्र) ठरतात. मग प्रत्येक वेळेला एकदा वजू करून त्या वेळेतल्या सगळ्या नमाजा पढाव्यात. तो त्रास चालू असला तरी वजू टिकतो, वेळ संपली की जातो.

नळाला पाणी आलं नाही एवढ्यावर तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने करायची पाकी) जायज होत नाही. आसपास मैलभरात पाणी नसणं किंवा पाण्याने आजार वाढण्याची खरी भीती असणं, ही कारणं आहेत. शेजाऱ्याकडे तांब्याभर पाणी मिळत असेल तर वजूच करावा. फर्ज भाग एकेकदा धुवायला एक लिटरही लागत नाही. तयम्मुम करायचा झाला तर माती, दगड, वीट चालते. लाकूड, पत्रा, प्लास्टिक चालत नाही.

## टप्पा २: अंग, कपडे आणि जागा पाक आहे का?

नजासत (नापाक घाण) दोन प्रकारची. गलीजा म्हणजे माणसाची लघवी-विष्ठा, वाहतं रक्त, दारू, कोंबडीची विष्ठा, शेण. ती पातळ असेल तर तळहाताच्या खोलगट भागाएवढी, घट्ट असेल तर साडेचार माशे म्हणजे ४ ग्रॅमच्या थोडी वर, ही मर्यादा. यापेक्षा जास्त असताना पढलेली नमाज होत नाही. बरोबर तेवढी असेल तर पुन्हा पढणं वाजिब आहे. कमी असेल तर नमाज होते, पण धुणंच योग्य. खफीफा म्हणजे गाय, म्हैस, बकरी अशा हलाल जनावरांचं मूत. ते कपड्याच्या ज्या भागाला लागलं (बाही, पुढचा पन्हा, पायजम्याचा एक पाय) त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर नमाज होते.

गोठ्यात काम असलेल्यांसाठी हा हिशोब रोजचा आहे. धार काढताना म्हशीने शेपटी मारली आणि शेणाचे मोठे शिंतोडे उडाले, तर कपडे बदलावेत. गोठ्याबाहेर खुंटीवर नमाजेसाठी एक जोड कायम टांगलेला असला की दुविधाच राहत नाही. सुईच्या टोकाएवढे बारीक शिंतोडे माफ आहेत. पावसाळ्यातला रस्त्यावरचा चिखलही माफ आहे, त्यात घाण स्पष्ट दिसत नसेल तर. मटणाच्या दुकानात काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: जबह करताना (जनावर कापताना) वाहिलेलं रक्त नापाक आहे, पण मांसात राहिलेला ओलावा आणि मासळीचं रक्त नापाक नाही.

कपडा धुताना तीन वेळा धुवून दर वेळी पिळायचा, किंवा वाहत्या नळाखाली इतका धरायचा की घाण गेल्याची खात्री होईल. एकाच बादलीत पाक आणि नापाक कपडे एकत्र भिजवले तर सगळेच नापाक होतात. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, विशेषतः लहान मुलांच्या लंगोटांमुळे.

जागेचं म्हणाल तर दोन्ही पाय, गुडघे, हात आणि कपाळ टेकतं तेवढी जागा पाक हवी. जानमाजेचा (नमाजेच्या चटईचा) कोपरा नापाक असेल आणि तिथे काही टेकत नसेल तर नमाज होते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेट नमाज होत नाही. त्यावर कोरडी चटई किंवा जाड कपडा अंथरला की होते. मात्र जमीन ओली असून ओल वर आली तर नाही. पंचगंगेचं पाणी घरात येऊन गेलं असेल, तर फरशी किंवा जमीन वाळून घाणीचा रंग-वास गेल्यावर नमाजेसाठी पाक होते. त्याच जमिनीवर तयम्मुम मात्र करता येत नाही. सतरंजी, गालिचा, गादी हे नुसतं वाळून पाक होत नाही, धुवावंच लागतं.

## टप्पा ३: सतर

पुरुषाचं सतर बेंबीच्या खालपासून गुडघ्यासकट. स्त्रीचं चेहरा, मनगटापर्यंत हात आणि पाऊल सोडून सगळं अंग, केससुद्धा. झाकलेल्या एखाद्या अवयवाचा चौथा हिस्सा तीन वेळा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतका वेळ आपोआप उघडा राहिला तर नमाज तुटते. स्वतःहून उघडला तर लगेच तुटते. नमाज सुरू करतानाच चौथा हिस्सा उघडा असेल तर ती सुरूच होत नाही.

पुरुषांची चूक: आखूड टी-शर्ट आणि कमरेखालची जीन्स. सजद्यात पाठीमागचा भाग उघडा पडतो आणि मागच्या सफीला दिसतो, पढणाऱ्याला कळतही नाही. शर्ट आत खोचावा किंवा वरून लांब कुर्ता घालावा. पांढरी पातळ लुंगी किंवा पायजमा ज्यातून कातडीचा रंग दिसतो, त्यातही सतर झालेलं नाही.

स्त्रियांची चूक: साडी-पोलक्यावर पातळ ओढणी. पोट, कंबर, कोपराखालचा हात आणि वेणी यांतलं काहीतरी उघडं राहतं किंवा ओढणीतून केस दिसतात. डोक्यापासून गुडघ्याखाली येणारी जाड सुती चादर नमाजेसाठी वेगळी ठेवावी.

तपासा: आरशासमोर एकदा रुकू आणि सजदा करून बघा. उभं असताना झाकलेलं वाकल्यावर उघडं पडतं.

## टप्पा ४: वेळ

वेळेआधी पढलेली नमाज होत नाही, एक मिनिट आधी असली तरी. आणि इथे कोल्हापूरकरांची एक खास चूक आहे: भिंतीवर किंवा मोबाइलवर मुंबईचं वेळापत्रक.

कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला आणि दक्षिणेला आहे. त्यामुळे डिसेंबरात इथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे १० मिनिटं आधी उगवतो, जूनमध्ये सुमारे १० मिनिटं आधी मावळतो. हिवाळ्यात मुंबईच्या वेळेवर भरवसा ठेवून शेवटच्या पाच-सात मिनिटांत फजर (पहाटेची नमाज) पढली, तर सूर्य आधीच उगवलेला असतो. फजर पढताना सूर्य उगवला तर हनफी फिकहप्रमाणे ती फर्ज होत नाही, सूर्य वर आल्यावर कजा (वेळ गेल्यावरची भरपाईची नमाज) पढावी लागते. पुण्याचं वेळापत्रक थोडं जवळचं आहे, नागपूरचं तर पूर्ण चुकीचं. मोबाइलमध्ये ठिकाण ‘कोल्हापूर’ आणि असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) पद्धत ‘हनफी’ निवडली आहे ना, ते आजच बघा. पद्धत शाफई असेल तर असरची वेळ बरीच आधीची दाखवते.

दुसरा गैरसमज बाराचा. ‘बारा वाजता जवाल असतो’ (सूर्य माथ्यावर असतो) असं सरसकट सांगतात. घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखावृत्तावर चालतं आणि कोल्हापूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. इथे सूर्य डोक्यावर येतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२:१७ ला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साधारण १२:४७ ला. बाकी वर्षभर यांच्या मध्ये कुठेतरी. फेब्रुवारीत साडेबाराला जोहर (दुपारची नमाज) पढणाऱ्याची नमाज वेळेआधीची ठरते.

उगवती, माथ्यावरचा सूर्य आणि मावळती या तिन्ही वेळांना कोणतीच नमाज पढू नये. अपवाद एकच: त्याच दिवसाची असर राहिली असेल तर मावळताना पढावी. इतका उशीर करणं मकरूह (नापसंत) आहे, पण नमाज होते.

## टप्पा ५: किबला

कोल्हापुरातून मक्का सरळ पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १४ अंश, म्हणजे होकायंत्रावर २८४ च्या आसपास. दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत फरक पडला तरी नमाज होते, म्हणून सरळ पश्चिमेला तोंड करून पढलेल्या नमाजा वाया गेलेल्या नाहीत. पण माहीत असताना मुद्दाम वाकडं उभं राहू नये.

मावळत्या सूर्यावरून दिशा धरणाऱ्यांनी जपावं. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला साडेचोवीस अंशांवर मावळतो, तेव्हा किबला त्याच्या किंचित डावीकडे. डिसेंबरात तो तितकाच दक्षिणेला जातो. त्या दिवसांत सूर्याकडेच तोंड केलं तर जवळपास ३९ अंश चुकतात, मर्यादेच्या अगदी काठावर.

मोबाइलचं होकायंत्र कारखान्यात, लोखंडी शेडमध्ये, स्टीलच्या कपाटाजवळ चुकीचं दाखवतं. उघड्यावर जाऊन दिशा बघावी आणि भिंतीवर खूण करून ठेवावी. नवीन जागी विचारायला माणूस असताना न विचारता अंदाजाने पढली आणि दिशा चुकली, तर पुन्हा पढावी लागते. विचारायला कोणी नव्हतं, नीट अंदाज घेतला आणि नंतर चूक कळली, तर नमाज झाली. पढतानाच कळलं तर तिथल्या तिथे वळावं.

## टप्पा ६: नियत आणि पहिली तकबीर

नियत मनाची. कोणती नमाज पढतो हे विचारल्यावर लगेच सांगता आलं पाहिजे, एवढंच. इमामामागे असाल तर त्याच्या मागे पढतो, हेही मनात हवं. ‘नियत करता हूं मैं’ हे लांबलचक वाक्य तोंडाने म्हणणं शर्त नाही. ते पूर्ण करायच्या नादात अनेकांचा रुकू निसटतो.

पहिली तकबीर फर्ज आहे आणि तिच्या तीन चुका नमाज सुरूच होऊ देत नाहीत:

१. ‘अल्लाहु’चा पहिला स्वर लांबवून ‘आल्लाहु’ म्हणणं. अरबीत तो प्रश्न होतो. तसंच ‘अक्बर’ऐवजी ‘अक्बार’.
२. इमामाची तकबीर पूर्ण व्हायच्या आधी आपली संपवणं.
३. रुकूत जाता जाता तकबीर म्हणणं.

तिसरी चूक दर जुम्म्याला दिसते. इमाम रुकूत आहे, माणूस पळत येतो आणि वाकत वाकत ‘अल्लाहु अक्बर’ म्हणतो. हात गुडघ्यापर्यंत पोचतील इतका वाकलेला असताना तकबीर संपली तर त्याची नमाज सुरूच झाली नाही. पुढच्या सगळ्या रकाती वाया.

क्रम असा ठेवा: सरळ उभे राहा, पूर्ण तकबीर म्हणा, मग रुकूत जा. हात बांधायची गरज नाही. इमाम उठायच्या आधी क्षणभर रुकूत सापडला तर रकात मिळाली, नाही तर ती रकात नंतर पढा. पळत येऊ नका.

## टप्पा ७: आतले फर्ज

कयाम (उभं राहणं). फर्ज आणि वित्र (रात्रीची वाजिब नमाज) उभ्यानेच. खुर्चीचा वापर आता सर्रास झाला आहे, म्हणून नीट वाचा: जो जमिनीवर बसून कपाळ टेकून सजदा करू शकतो, त्याने खुर्चीवर इशाऱ्याने सजदा केला तर नमाज होत नाही. गुडघ्याने खरोखर सजदा जमतच नसेल तर बसून इशारा चालतो, त्यातही जमिनीवर बसणं बरं. सजद्याचा इशारा रुकूपेक्षा खाली हवा, दोन्ही सारखेच केले तर सजदा झाला नाही.

किरात (कुरआन पढणं). ओठ बंद ठेवून मनात पढणं ही किरात नाही. जीभ हलली पाहिजे, अक्षर उमटलं पाहिजे, शांत जागी स्वतःला ऐकू आलं पाहिजे. देवनागरीतून सूरा पाठ करणाऱ्यांची अडचण इथे आहे. अरबीतले दोन-तीन वेगळे वर्ण आपल्या लिपीत एकाच अक्षरात बसतात. ‘कल्ब’ घशाच्या मुळातून म्हटलं तर हृदय, पुढून म्हटलं तर कुत्रा. फातिहात ‘अन्अम्ता’ऐवजी ‘अन्अम्तु’ म्हटलं तर कृपा करणारा अल्लाह राहत नाही, पढणारा होतो. अर्थ असा उलटला तर नमाज तुटते. कारीसमोर (कुरआन शुद्ध पढणाऱ्यासमोर) बसून फातिहा आणि चार लहान सूरा दुरुस्त करून घ्याव्यात. शिकत असेपर्यंत जमेल तशी पढलेली नमाज होते, शिकणं टाळणाऱ्याला ही सवलत नाही. इमामामागे हनफी मुक्तदीने (मागे पढणाऱ्याने) किरात करायची नाही, गप्प उभं राहायचं.

रुकू. हात गुडघ्यांपर्यंत पोचतील इतकं वाकणं फर्ज. तिथे, नंतर सरळ उभं राहिल्यावर, आणि दोन सजद्यांच्या मध्ये बसल्यावर एक ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतकं थांबणं वाजिब. कोंबडीने दाणे टिपावेत तसे सजदे मारणाऱ्यांचं हेच वाजिब जातं, तेही रोज आणि समजून-उमजून. अशी नमाज पुन्हा पढणं वाजिब आहे. तरावीहच्या (रमजानच्या रात्रींच्या नमाजेच्या) घाईत तर याचा पार चुराडा होतो.

सजदा. कपाळ टेकलं पाहिजे. कारण नसताना नुसतं नाक टेकलं तर सजदा होत नाही. फोमची जाड जानमाज किंवा गादी असेल तर कपाळ इतकं दाबा की पुढे आणखी खचणार नाही. नुसतं स्पंजावर टेकवून ठेवलं तर सजदा होत नाही. पायांकडेही लक्ष असू द्या. पूर्ण सजदाभर दोन्ही पावलं हवेत राहिली तर सजदा होत नाही, निदान एक बोट जमिनीला टेकलेलं हवं. बोटं वळवून किबल्याकडे ठेवणं सुन्नत.

शेवटची बैठक. अत्तहिय्यात (बैठकीत पढायचे शब्द) पूर्ण पढण्याइतका वेळ बसणं फर्ज.

## टप्पा ८: मधेच नमाज तोडणाऱ्या गोष्टी

बोलणं, एक शब्दही, विसरूनही. सलामला उत्तर. शिंकणाऱ्याला ‘यर्हमुकल्लाह’ म्हणणं (स्वतःच्या शिंकेवर ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघालं तर नमाज राहते). वाईट बातमी कानावर येऊन ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणणं. दुखण्याने ‘आह’, ‘उफ’ करणं, सहन होण्यासारखं असताना. विनाकारण खाकरणं, ज्यातून अक्षर उमटतं. आपल्या इमामाशिवाय दुसऱ्याची किरात सुधारणं. छाती किबल्यावरून फिरणं. कुरआन हातात धरून बघून पढणं. दातात अडकलेला हरभऱ्याएवढा कण गिळणं, त्याहून बारीक असेल तर नाही. अल्लाहच्या भीतीने डोळे वाहिले तर नमाज तुटत नाही. हसू नुसतं ओठांवर आलं तर तुटत नाही, स्वतःला ऐकू आलं तर नमाज तुटते, शेजाऱ्याला ऐकू गेलं तर वजूही जातो.

अमल-ए-कसीर म्हणजे इतकी हालचाल की लांबून बघणाऱ्याला हा नमाजेत नाही असं वाटावं. एकाच रुक्नात (उभं राहणं, रुकू, सजदा अशा एका भागात) तीन वेळा हात उचलून खाजवणंही यात येतं. मोबाइल वाजला तर एका हाताने, खिशावरूनच, बटण दाबून गप्प करा. बाहेर काढून कोणाचा फोन आहे ते बघणं, दोन्ही हातांनी धरून बंद करणं, यात नमाज गेली. उभं राहण्याआधी तो सायलेंट करणं हाही तयारीचाच भाग धरावा.

वजू तुटला तर लाजेने सफीत उभं राहू नये. नाकावर हात धरून बाहेर पडावं, वजू करून पुन्हा पहिल्यापासून पढावी.

## टप्पा ९: विसरलं तर: सजदा-ए-सहव

पद्धत: शेवटच्या बैठकीत अत्तहिय्यात पढून उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, पुन्हा अत्तहिय्यात, दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), दुआ आणि दोन्हीकडे सलाम.

कधी लागतो, ते रोजच्या चुकांवरून बघा. फातिहा विसरून सूरा सुरू केली: परत फातिहा, मग सूरा, शेवटी सहव. चार रकातींत मधली बैठक विसरून पूर्ण उभे राहिलात: परत बसू नका, शेवटी सहव. पूर्ण उभे राहायच्या आधी, बसण्याच्या जवळ असतानाच आठवलं: बसा, सहव नाही. मधल्या बैठकीत फर्ज नमाजेत दुरूद ‘अल्लाहुम्मा सल्लि अला मुहम्मद’पर्यंत गेलं: सहव. वित्रात दुआ-ए-कुनूत राहून रुकूत गेलात: परत येऊ नका, सहव. रुकू-सजद्याच्या तसबीह राहिल्या, किंवा फर्जच्या तिसऱ्या-चौथ्या रकातीत सूरा जोडली गेली: सहव नाही.

शेवटची बैठकच विसरून पाचवीला उभे राहिलात तर पाचवीचा सजदा करण्याआधी आठवताच बसा आणि सहव करा. सजदा झाला असेल तर फर्ज गेली, ती नफल (ऐच्छिक) झाली. सहावी जोडून संपवा आणि फर्ज नव्याने पढा.

किती रकाती झाल्या ही शंका क्वचित येत असेल तर नमाज पुन्हा पढा. नेहमी येत असेल तर मन जिकडे झुकतं ते धरा. कुठेच झुकत नसेल तर कमी आकडा धरा, जी रकात शेवटची असू शकेल तिथे बसा, आणि शेवटी सहव.

इमामामागे मुक्तदीची स्वतःची चूक झाली तर सहव नाही. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर ईदेला होते तसल्या मोठ्या जमातीत इमामाने गोंधळ टाळण्यासाठी सहव सोडला तरी चालतं. ईदेच्या दुसऱ्या रकातीत किरातीनंतर तीन जादा तकबीरी हात सोडून असतात, रुकू चौथ्या तकबीरला. पहिल्याच तकबीरला वाकणारे दर वर्षी असतात.

## टप्पा १०: उशिरा आलात तर

इमामाने दोन्ही सलाम फिरवल्यावर उठा, एका सलामावर घाई करू नका. राहिलेल्या रकाती सुरुवातीच्या समजून पढायच्या, बैठक मात्र मिळालेली रकात धरून मोजायची. मगरिबची (सूर्यास्तानंतरच्या नमाजेची) एकच रकात मिळाली: उठून फातिहा आणि सूरा, बैठक, पुन्हा फातिहा आणि सूरा, शेवटची बैठक. जोहरची एक मिळाली: फातिहा-सूरा, बैठक, मग फातिहा-सूरा (बैठक नाही), मग फक्त फातिहा, शेवटची बैठक.

घरात बसून मशिदीच्या स्पीकरवरच्या इमामामागे पढलेली नमाज होत नाही. मध्ये रस्ता असेल आणि सफी जोडलेल्या नसतील तरीही नाही.

## टप्पा ११: प्रवासात

सुमारे ७८ किलोमीटर (काही आलिमांच्या मते ९२) किंवा जास्त जायचं असेल आणि तिथे १५ दिवसांपेक्षा कमी राहायचं असेल तर चार रकातींच्या फर्ज दोन होतात, यालाच कसर म्हणतात. सांगली-मिरजेला जाताना कसर नाही. बेळगाव, सातारा, पुणे, मुंबईला आहे. गावाची वस्ती ओलांडल्यावरच कसर सुरू होते, एसटी स्टँडवर नाही. मुक्कामी इमामामागे मुसाफिराने पूर्ण चार पढायच्या.

महालक्ष्मी एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीत फजरला उभं राहणं जमत असेल तर सीटवर बसून फर्ज होत नाही. दोन बर्थच्या मधल्या जागेत उभे राहा, किबला धरा, गाडी वळली तर वळा. बस थांबतच नसेल आणि वेळ संपत असेल तर जमेल तशी पढा आणि उतरल्यावर पुन्हा पढा.

## टप्पा १२: पुन्हा पढायची वेळ आली तर

वेळ शिल्लक असेल तर लगेच पढा. वेळ गेली असेल तर कजा फक्त फर्जची आणि वित्रची, सुन्नतींची नाही. हैजच्या (मासिक पाळीच्या) दिवसांतल्या नमाजांची कजा नाही. आयुष्यातल्या कजा सहापेक्षा कमी असतील तर आधी कजा, मग चालू वेळेची, हा क्रमही लागू आहे. सहा किंवा जास्त झाल्या की क्रम सुटतो.

इमामाला नंतर आठवलं की आपला वजू नव्हता किंवा कपडा नापाक होता, तर त्याच्यासोबत मागच्या सगळ्यांची नमाज गेलेली असते. त्याने ते सांगणं जरुरी आहे. पुढच्या नमाजेनंतर उभं राहून स्पष्ट सांगावं: अमुक दिवसाची अमुक नमाज झाली नाही, जे होते त्यांनी पढून घ्यावी. निघून गेलेल्यांपैकी जे माहीत आहेत त्यांना फोन करावा, घरी निरोप पाठवावा.